कुलपातल्या सत्तावीस फाइली

४ एप्रिल
बाईंची निवड झाली! तापमानवाढ आणि आरोग्य यावरची जागतिक समिती — तिच्या अध्यक्ष आमच्या इस्पितळाच्या प्रमुख! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. त्यांना इथे येऊन आठ महिने झाले, मला सतरा वर्षं. मी उपप्रमुखाचा उपप्रमुखच. असो.

९ एप्रिल
रेकॉर्डरूमच्या कारकुनाला आम्ही मुंगी म्हणतो — कागदाचा कपटासुद्धा सोडत नाही. आज कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, गेल्या उन्हाळ्यात दगावलेल्यांच्या फाइली मॅडम घरी नेतात. सत्तावीस झाल्या."
"रजिस्टरात लिहिलंस?"
"नोंद नको म्हणाल्या."
नोंद नको! का नको?

१० एप्रिल
पार्किंगमध्ये मुद्दाम थांबलो. बाईंच्या गाडीत मागच्या सीटवर फाइली. वर टॉवेल टाकलेला!

१४ एप्रिल
आता लक्षात येतंय. जगाला शहाणपण शिकवायला निघाल्यात, मग आपल्याच इस्पितळातले मृत्यू कोण कशाला उकरू देईल? मागचे साहेब परवडले. तोंडावर सांगायचे, "उष्माघात लिहिलं की वरून चौकशी लागते. हृदय बंद पडलं लिहा." शेवटी हृदय बंद पडतंच की.
बायको म्हणते, "अहो, त्यांनाच विचारा ना सरळ."
विचारल्यावर खरं सांगणार आहेत का!

१८ एप्रिल
बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. "डॉक्टर, गेल्या मेमध्ये कॅज्युअल्टीत तुम्हीच होतात ना? पत्र्याच्या शेडमध्ये शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणल्या होत्या. अंगात ताप किती होता, आठवतं?"
"नाही."
आठवत होतं. एकशे आठ.
मला यात गोवायचा डाव दिसतोय.

२१ एप्रिल
समितीला पत्र टाकलं. निनावी. 'स्वतःच्या इस्पितळातले मृत्यू दडपणाऱ्या व्यक्तीने जगाच्या आरोग्याचं नेतृत्व करावं काय?' भाषा झकास जमली. बायकोला बोललो नाही.

२९ एप्रिल
तिकडून विचारणा आली म्हणे. बाई दिवसभर फोनवर. मी समोरून गेलो तर हसल्या. का हसल्या?

३ मे
अध्यक्षपद गेलं. फाइली नोंद न करता नेल्या हे बाईंनी कबूल केलं, तेवढं पुरलं. चौकशी होईपर्यंत इथूनही सक्तीची रजा. प्रभारी — मी!
या वेळी टाळ्या नाहीत.
जाताना किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "सगळ्या फाइली परत आणून कपाटात ठेवल्यात. नीट वाचा. घाई करू नका."
वाचणारच! काय काय खोडलंय ते बघायला नको?

४ मे
काहीही खोडलेलं नाही.
सत्तावीसच्या सत्तावीस. प्रत्येक फाइलीला बाईंच्या अक्षरातला एक कागद टाचलेला. घरोघरी जाऊन विचारलंय — खोली कितव्या मजल्यावर, पंखा चालू होता का, कामावरून सुट्टी मागितली होती का, दिली का. भट्टीवरचा एकजण दुपारी दोनदा बसला, दोनदा उठवला. एका आजोबांच्या अंगावरचा ओला पंचा नात बदलत होती, चार तास.
तळाशी समितीपुढच्या भाषणाचा मसुदा. 'इतर देशांकडे खरे आकडे मागण्याआधी मी माझ्या इस्पितळाचे खोटे आकडे दुरुस्त करते आहे. वरिष्ठांना आधी कळलं असतं तर या फाइलीच उरल्या नसत्या, म्हणून गुपचूप नेल्या.' पुढे मृत्यूचे दाखले देणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं. ते काट मारून वर लिहिलंय — 'दबावाखालचा एक सहकारी'.
सत्तावीस दाखल्यांवर एकच सही. माझी.
जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरळ विचारा म्हटलं होतं." ते जास्त लागलं.

५ मे
सकाळी बाईंना फोन लावला. एका दमात सांगून टाकलं — पत्र माझं, दाखले माझे, चौकशीसमोर येऊन तेच सांगतो.
बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पत्र तुमचं हे मला पहिल्या ओळीतच कळलं होतं. चौकशीला या, यायलाच हवं. पण आज बाहेर पारा चव्वेचाळीसवर जाणार आहे, डॉक्टर. कॅज्युअल्टीत बर्फ ठेवलाय का?"
ठेवला नव्हता.