सोड्याचा डबा आणि भाऊजींची सही

मी, रंभाबाई देवराम वेखंडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा शेती व घरकाम, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्याला जरा कमी दिसते, कानाला सगळे ऐकू येते. कोणाच्या दडपणाने मी हा कागद करत नाही. दडपण आलेच तर ते दुसऱ्या कोणावर येईल. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढे लिहायला हात थरथरतो. म्हणून मी सांगते आणि शेजारचे देवजी गुरुजी लिहितात. माझे शब्द सुधारू नका असे मी त्यांना बजावले होते. त्यांनी सुधारलेच आहेत.

हा कागद घरादाराच्या वाटणीसाठी आहे असे लोकांना वाटेल. वाटणी आहेच. पण खरे सांगायचे तर मला या कागदाखाली एक सही हवी आहे. दहा वर्षांपूर्वी माझ्यावर एक आळ आला, तो त्या सहीने उतरेल. सही कोणाची, ते पुढे येईल.

कलम १. सापगावातील घर नंबर एकशे बेचाळीस, पुढची ओटी आणि मागची चूल धरून, तसेच ओढ्याकडचे अठरा गुंठे भाताचे खाचर, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी सरिता हिला मिळावे. तिला मुरबाडला दिली आहे. जावई भला माणूस आहे, पण घर सरिताच्याच नावावर करावे. उगाच त्याच्या भलेपणाची परीक्षा कशाला?

कलम २. माझे चांदीचे तोडे प्रेमाला द्यावेत. प्रेमा ही माझ्या धाकट्या दिरांची, ज्ञानेश्वर भाऊजींची मुलगी. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून लग्न होईपर्यंत ती माझ्याच पदराखाली झोपली. तोडे काळे पडले तर सोनाराकडे नेऊ नयेत. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी घ्यावे, दोन चमचे सोडा व चिमूटभर मीठ टाकावे, आणि तोडे तळाला टेकतील असे बुडवावेत. दहा मिनिटांत नव्यासारखे होतात. खाली जे सांगणार आहे त्यातले प्रेमाला काहीही माहीत नव्हते. तिला कोणी बोल लावला तर मी वर गेले असले तरी खपवून घेणार नाही.

कलम ३. माझा पितळी डबा, झाकणासकट, आणि त्यातला लहान चमचा कातकरवाडीवरच्या भिमी नामा मुकणे हिला द्यावा. तो डबा खाण्याच्या सोड्याचा आहे.

सोडा मी भातसानगरला शिकले. आमचे हे धरणावर नोकरीला होते. तेव्हा तिथल्या वसाहतीत मी साहेबांच्या घरी स्वयंपाक करत असे. साहेबांच्या बाईंनी मला पहिल्यांदा ती पांढरी पूड दाखवली आणि म्हणाल्या, रंभा, घरात बाकी काही नसले तरी चालेल, हे असू दे. ते मी जन्मभर पाळले. पुढे सापगावात मला सोडामावशी म्हणायला लागले. चिडवत, पण प्रेमाने. लावणीच्या दिवसांत सकाळी माझ्या ओटीवर बायका रांगेने बसत. चिखलात उभे राहून पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असत. कोमट पाण्यात सोडा घालून मी त्यांना पाय बुडवायला लावी आणि मग कोरड्या फडक्याने बोट न् बोट पुसायला सांगे. पुसायचा सगळ्यांना कंटाळा. अर्धे औषध पुसण्यात आहे.

भिमीला सगळे पाठ आहे, तरी कागदावर राहू दे. मुंगी, गांधीलमाशी चावली तर सोडा पाण्यात कालवून लेप लावावा. तोंड आले तर पाण्यात घालून चुळा भराव्यात, गिळू नये. सुक्या बोंबलाच्या डब्याचा वास जात नसेल तर सोडा टाकून रात्रभर तसाच ठेवावा. वाल शिजत नसतील तर चिमूट, चिमटीच्या वर नाही. जास्त पडला की वाल साबणासारखे लागतात आणि बाईचे नाव जाते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नये, मूठभर सोडा फेकावा. जेवण अंगावर येऊन घशाशी आंबट आले तर अर्धा लहान चमचा पेलाभर पाण्यात, कधीतरीच. रोज नाही. ज्याला ब्लडप्रेशर आहे त्याला नाही, कारण त्यात मिठाचाच गुण आहे, हे मला डॉक्टरांनी फार उशिरा सांगितले. आणि धुण्याचा सोडा वेगळा, तो शेजारी ठेवूसुद्धा नये.

शेवटचे, भिमीने हे रोज एकदा म्हणावे: छातीत दुखत असेल तर सोडा नाही. डॉक्टर.

डबा सरिताला न देता भिमीला का, असे सरिता विचारील. बाई गं, दहा वर्षे माझ्या हातचा सोडा घ्यायला या गावात एकटी भिमीच आली. तूसुद्धा तुझ्या पोरांना देऊ दिला नाहीस.

कलम ४. आता काय झाले ते.

सन १९९४च्या शिमग्यानंतर यांच्या छातीत जळजळायला लागले. निवृत्तीला चार महिने राहिले होते. सायकलवरून आले की ओटीवर टेकत आणि म्हणत, "रंभा, जरा सोडा दे गो." मी देई. ते पीत, ढेकर देत आणि म्हणत, "बरा वाटला गो." वैशाखात प्रेमाचे लग्न धरले होते. भाऊजी विधुर. कन्यादानाला तर जोडी लागते. म्हणून पाटावर आम्ही दोघांनी बसायचे ठरले होते.

लग्नाच्या दिवशी दोघांना उपास होता. नवरदेवाकडची मंडळी यायला उशीर झाला आणि हे घामाघूम झाले. उपाशी पोटाने पित्त खवळले असे मी धरले. सोड्याने उपास मोडतो का, म्हणून मी भटजींना विचारायला गेले. ते म्हणाले, औषधच आहे ते, चालते. मी पेला आणून दिला. ते प्यायले. मग आम्ही पाटावर बसलो आणि त्यांच्या हाताला हात लावून मी पाणी सोडले.

पाचव्या दिवशी सकाळी हे मांडवाचे काथ्याचे दोर सोडत होते. एकदम खाली बसले आणि सोडा मागितला. मी घेऊन आले. पेला अर्धा झाला होता तेव्हा ते गेले.

बाराव्याला सगळे गाव जेवायला होते. त्या पंगतीत ज्ञानेश्वर भाऊजी उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "वैनीनी सोडा पाजून पाजून माझ्या दादाला मारला." पंगत जेवत राहिली. पुढच्या लावणीला माझ्या ओटीवर पाय बुडवायला भिमीशिवाय कोणी आले नाही. मला पाहून पोरे आईच्या मागे लपत. आणि मीही मानले. नऊ वर्षे मी मानले की माझ्या हाताने मी नवरा मारला. भिमी मागायला आली तरच डबा उघडला, माझ्या भजीतसुद्धा सोडा घातला नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात मला चक्कर आली म्हणून सरिता मला शहापूरला जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नाव ऐकून ते थबकले. म्हणाले, "देवराम वेखंड्यांच्या मिसेस का? मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, हृदयाचं दुखणं आहे, आजच्या आज ठाण्याला न्या. भाऊ होता त्यांच्याबरोबर. मग का नेलं नाहीत?" मी विचारले, हे कधी? त्यांनी सांगितले, लग्नाचे कपडे घ्यायला दोघे आले होते तेव्हा. म्हणजे लग्नाच्या सात आठवडे आधी. मी विचारले, माझ्या सोड्याने गेले का? ते म्हणाले, "नाही हो मावशी. सोड्याने मेले नाहीत आणि सोड्याने वाचणारही नव्हते. ती सोड्याची वेळच नव्हती."

घरी येऊन मी तडक भाऊजींच्या दारात गेले. ते बैलाला पेंढा घालत होते. मला नाही म्हणाले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने लिहावे. म्हणाले, "वैनी, दादाच बोलला, तिला नको सांगू. तुमाला कळला असता तर तुमी त्याला त्याच दिवशी ठान्याला नेला असता. मग पाटावर कोन बसला असता? पोरीचा लगीन मोडला असता ना."

मी म्हटले, "मग बाराव्याला माझा नाव का घेतलात?"

तेव्हा ते म्हणाले, "लोका इचारत व्हती, दवाखान्यात का नाय नेला म्हनून. मी काय सांगनार व्हतो?" आणि ते पुन्हा पेंढा घालू लागले.

मला हे जाळते. तुम्हाला कन्यादानाला जोडी हवी होती. जोडीतली एक मी होते. पाटावर बसवायला मी जोडीतली, आणि सांगायच्या वेळी मी कोणी नाही? त्या भरल्या मांडवात खरे दुखणे ठाऊक असलेली दोनच माणसे होती, एक माझा नवरा आणि एक माझा दीर. मी पेला घेऊन भटजींकडे धावत होते तेव्हा ती दोघे माझ्याकडे बघत होती. यापेक्षा माझ्या तोंडात मारली असती तर बरे झाले असते.

कलम ५. माझे दीर ज्ञानेश्वर हरी वेखंडे यांना मी काहीही देत नाही. घराची कौले नाहीत, अंगणातला आंबा नाही, आंब्याखाली पडलेला आंबाही नाही. हे रागाने नाही. राग आहे, पण हे रागाने नाही. शहापूरच्या एका वकीलसाहेबांनी मला सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. भाऊजींना काही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात.

माझी इच्छा अशी की गुरुजींनी हा कागद ओटीवर बसून, दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचावा, आणि भाऊजींनी दुसरा साक्षीदार म्हणून सही करावी. जबरदस्ती नाही. त्यांनी सही केली नाही तर दुसरी ओळ तशीच मोकळी सोडावी, तिच्यापुढे त्यांचे नाव लिहावे, आणि तिसऱ्या ओळीवर गावातले रामू घरत यांची सही घ्यावी. मोकळी ओळसुद्धा लोकांना वाचता येते.

कलम ६. आमचे हे. मेलेल्या माणसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे गुरुजी म्हणतात. मी म्हटले, तुम्ही लिहा.

तुम्हाला माहीत होते. माझ्या हातातला पेला घेताना, प्रत्येक वेळी, तुम्हाला माहीत होते. मी खूश व्हावे म्हणून ढेकर देत होतात. भाऊजी माझ्याशी खोटे वागले ते मी समजू शकते, त्यांना लाज झाकायची होती. तुम्ही कशाला? अडतीस वर्षे मी तुमच्या घरात होते. पोरीसाठी थांबायचे होते तर मला सांगून थांबायचे होते. मी भांडले असते, रडले असते, पण तुमच्या शेजारी बसले असते. समजून.

पितृपक्षात यांच्या नावाचे पान गेल्या दोन वर्षी मी वाढले नाही. माझ्यामागे सरिताने आम्हा दोघांचे पान वाढावे, एकाच पाटावर. वालाची उसळ करावी. पाण्याचा पेला ठेवावा तो साध्या पाण्याचा. त्यात सोडा घालू नये. पुन्हा त्यांच्यावर माझ्यासाठी बरे वाटल्याचे सोंग करायची पाळी आणू नये.

या कागदाआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वर जे आहे ते मी ऐकून घेतले, मला समजले, आणि ते माझेच आहे.

ठिकाण: सापगाव, तालुका शहापूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २००४, रविवार

मृत्युपत्र करणार: रंभाबाई देवराम वेखंडे (सही)

साक्षीदार
१. देवजी पांडुरंग निमसे, निवृत्त शिक्षक (सही)
२. ज्ञानेश्वर हरी वेखंडे (सही)
३. (लागली नाही)

कागद लिहिणाऱ्याची (देवजी गुरुजींची) टीप: कागद ओटीवर मोठ्याने वाचला. अंगणात बारा-तेरा माणसे होती. साक्षीदार क्रमांक दोन यांनी कलम चार पुन्हा वाचायला लावले, मग सही केली. सही झाल्यावर ते छातीवर हात ठेवून खांबाला टेकले आणि म्हणाले, "वैनी, जळजळतोय. जरा सोडा द्या." रंभाबाईंनी दिला नाही. भिमी डबा घेऊन उठली होती, तिलाही खाली बसवले. मला रिक्षा बोलवायला सांगितले. भाऊजी नको नको म्हणत होते, जाईल आपोआप म्हणत होते. त्यांच्या दंडाला धरून रंभाबाई म्हणाल्या, "मला सांगितलात ना भाऊजी? मग चला." आणि स्वतः त्यांच्याबरोबर रिक्षात बसल्या.