दोन हिरवे, एक लाल

३ मार्च, मंगळवार

जिवंत आहे. एकशे बारा प्रवासी, आम्ही सहा – सगळेच! आधी हे लिहून टाकते.

दुपारी उतरायला आलो, चाकं खाली सोडली. मागच्या दोन्ही चाकांचे दिवे हिरवे, पुढच्याचा लाल. म्हणजे चाक खाली आलं असलं तरी पक्कं बसलेलं नाही. टेकताच दुमडू शकतं. शेजारी माझा सहवैमानिक, माजी फौजी – वयाने मोठा, बोलण्यात कंजूष. एवढंच म्हणाला, "मॅडम, वर."

विमान पुन्हा वर घेतलं.

चाळीस मिनिटं घिरट्या. पुस्तकातले सगळे उपाय करून झाले. लाल तो लालच! शेवटी विमानतळाच्या मनोऱ्याजवळून कमी उंचीवर उडून दाखवलं. कंट्रोलरबाई दुर्बिणीतून बघून म्हणाल्या, "चाक दिसतंय. पक्कं आहे का, ते इथून नाही कळत."

प्रवाशांना मीच सांगितलं. सूर असा – जणू दूध उतू गेलंय, एवढंच.

मागची चाकं टेकली. नाक वर धरून ठेवलं – जमेल तेवढं, मग त्याहून थोडं जास्त. हळूच खाली आलं. टेकलं. टिकलं!

फौजी रडला. मी नाही.

दुरुस्तीवाल्यांत सर्वांत पुढे धावत आला तो. नवरा. चार महिने बहिणीकडे राहतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. चाकाला सुरक्षेची खीळ लावताना हातातून दोनदा निसटली. मग वर माझ्या खिडकीकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. त्याने चाकावर तळहात टेकवला, तो काढलाच नाही.

४ मार्च, बुधवार

आज कळलं. चाक पक्कं बसल्याचं दिव्याला कळवणारा सेन्सर सोमवारी त्यानेच बदलला होता. विमान पास केल्याची सहीही त्याचीच. चौकशी लागलीय. तोवर त्याला कामावरून घरी बसवलंय.

नणंदेचा फोन – "वहिनी, कालपासून दादाच्या पोटात कण नाही. तुला तोंड कसं दाखवू म्हणतो."

५ मार्च, गुरुवार

गेलेच. नणंदेने दार उघडलं आणि भाजीचं निमित्त काढून सटकली. शहाणी आहे!

तो खिडकीशी. दाढी वाढलेली.

"मी दोनदा तपासलं होतं गं."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"गॅस बंद केलाय का बघायला जिन्यावरून तीनदा परत येणारा माणूस तू! त्यावरून किती भांडलोय आपण."

हसला. मग हसू कुठल्या कुठे गेलं. "ती चाळीस मिनिटं मी वर बघत उभा होतो. तुला काय काय बोललोय, ते एकेक आठवत होतं."

मी चहा टाकला. पाव बुडवून खाल्ला त्याने. दोन कप प्यायला.

६ मार्च, शुक्रवार

काही नाही. घर फार मोठं वाटलं.

१० मार्च, मंगळवार

निकाल आला. सेन्सर कारखान्यातूनच सदोष! चाक पक्कंच होतं, दिवा खोटं बोलत होता. त्याच्या कामात खोट नाही.

फोनवर "सुटलो गं" म्हणाला आणि रडला. मीही रडले. फौजीच्या तब्बल आठवडाभर मागून!

१३ मार्च, शुक्रवार

आज आमच्या घटस्फोटाची तारीख होती. सकाळी अकराला वकीलबाईंचा फोन – "कोर्टात तुम्हीही नाही, तेही नाहीत! विसरलात की काय?"

"हो," म्हटलं.

स्वयंपाकघरातल्या नळाखालून, पाना हातात धरून आडव्या पडलेल्या माणसाचा आवाज आला – "मीही विसरलो म्हणून सांग."