फ्रीजरचं कुलूप

४ मार्च, सोमवार

पुन्हा पाकीट! कचऱ्याच्या डब्यात, केळ्याच्या सालीखाली दडपलेलं. वर दात काढून हसणारा ससा. मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली — पहिलं नाव पिठाचं, दुसरं साखरेचं. आणि म्हणे बाळांचा पौष्टिक आहार! ससा तेवढा पौष्टिक दिसतोय.

डॉक्टरीणबाईंनी परवाच बजावलं होतं — नातीच्या रक्तात लोह कमी आहे, पाकिटं बंद, महिनाअखेरीला पुन्हा रक्त तपासू. दीड वर्षाचं पोर. घरभर भिरभिरते म्हणून मी भिंगरी म्हणतो, आणि हल्ली चार पावलं टाकली की बसतेच खाली. चिरंजीवांना विचारलं तर उत्तर काय? “बाबा, एका पाकिटानं काय होतंय?”

काय होतंय! सुई हिच्या दंडात गेली तेव्हा तू बाहेर फोनवर होतास. माझा सदरा मुठीत धरून रडली ती. तुझा नव्हे.

५ मार्च

ठरलं. तिचं खाणं मी करणार. बायको गेल्यापासून करपवत, सांडत, शिव्या घालत स्वयंपाक शिकलोय. कोणी शिकवायला आलं नव्हतं. जन्मभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केले, आता घरचा फ्रीज राबवून घेतो. एकदाच करायचं, गोठवायचं, आठवडाभर पुरवायचं. मग बघतो सशाला कोण आणतंय घरात.

१० मार्च, रविवार

पाठ मोडली, पण जमलं. मसूर, लाल भोपळा, पालक आणि कोंबडीची कलेजी. मऊ शिजवून घोटलं. मीठ नाही, साखर नाही. पसरट ताटांत ओतलं, पूर्ण गार होऊ दिलं आणि मग फ्रीजरमध्ये. गरम भांडं आत ढकललं की सगळा फ्रीजर घाम धरतो, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. अर्धवट गोठलं तेव्हा सुरीनं चौकोन पाडले. वड्या म्हणा हवं तर.

चिरंजीव आले, फोटो काढला, सटकले. मदत झाली!

सूनबाई बिचारी विचारत होती, “बाबा, मी काही करू?” म्हटलं, तू बस, आठवड्यातनं एक दिवस तर घरी असतेस. ती बसली आणि बसल्या बसल्या पेंगली.

फ्रीजरच्या दारावर चिठ्ठी चिकटवली — ‘फक्त भिंगरीसाठी. इतरांनी हात लावू नये.’ सूनबाई वाचून हसली. “मी पण नाही का, बाबा?” म्हटलं, “तू तर नाहीच नाही!” आपली गंमत.

११ मार्च

खाल्लं! दोन चौकोन पोटात, तिसरा भिंतीला भरवला. भिंत पुसणार नाही.

१४ मार्च, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. कचऱ्यात पुन्हा ससा! चिरंजीवांना धारेवर धरलं. रात्रीचं भरवणं त्यांच्याकडे असतं, सूनबाई तेव्हा आमच्या जेवणाला लागलेली असते. तर म्हणतात, “मी काय करू? तुमचे चौकोन संपले होते.”

संपले कसे? आठवडाभराचे केले होते! दुपारी मी माझ्या हातानं भरवतो, तिला किती जातात ते मला ठाऊक आहे. एवढंसं पोट ते.

मग लक्षात आलं. संध्याकाळी मी भिंगरीला बागेत नेतो. त्याच वेळी सूनबाई कामावरून येते. घरात ती एकटी. आणि परत येतो तेव्हा सिंकमध्ये एक वाटी विसळून पालथी घातलेली असते. आज हुंगली. कलेजीचा वास!

म्हणजे फेकते. मोरीत ओतते आणि वाटी धुऊन ठेवते. रविवारी कलेजी पाहून नाक मुरडलंच होतं तिनं. सांगायचं ना तोंडावर — म्हाताऱ्याचं शिजवलेलं माझ्या लेकीला नको! पातेलं घासताना हाताची सालटं निघाली माझ्या.

१५ मार्च, शुक्रवार

जेवताना विचारलंच. “माझं अन्न मोरीत ओततेस का गं?”

सूनबाई लालबुंद. “नाही हो, बाबा.”

“मग जातं कुठं? पाय फुटतात?”

ताटातलं चिवडत राहिली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, चार चौकोनांसाठी घर डोक्यावर घेऊ नका.”

चार चौकोन! पोरगी आज बागेत घसरगुंडीच्या पायरीवरच बसून राहिली. चढेचना. ते कोणाला सांगू?

१६ मार्च

कुलूप बसवलं. दुकानांच्या फ्रीजरना बसवून द्यायचो तसंच, कडी-कोयंडा, भक्कम. किल्ली माझ्या खिशात. रात्रीचे चौकोन मी मोजून बाहेर काढून देणार. आता ओत म्हणावं!

१७ मार्च, रविवार

नवा घाणा केला. आज कोणी विचारलं नाही, काही करू का म्हणून. मीही बोललो नाही. किल्ली मात्र दिवसभर खुळखुळवली, मुद्दाम.

१८ मार्च, सोमवार

बागेत भिंगरी झोक्यातच झोपली. खांद्यावर टाकून लवकर परतलो. दार नुसतं लोटलेलं. सूनबाई स्वयंपाकघरात, खांद्याची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. फ्रीजरच्या दाराला कपाळ टेकून उभी. कुलपाशीच बोलत होती — “एकच दे ना रे. एकच.”

मला पाहून दचकली. मग बांध फुटल्यासारखं बोलली. सकाळी डबा करायला वेळ होत नाही. दुपारी कामावर काउंटरपुढची रांग हलत नाही, उठता येत नाही. बागेतून आली की पोर अंगावर पिण्यासाठी झेप घेते, त्याआधी पोटात काहीतरी घालावं, तर तयार असं घरात तेवढंच असायचं. “दोनच घ्यायचे ठरवायची, बाबा. हात थांबायचा नाही. लेकीच्या तोंडचं खाते, हे सांगू कशी?”

एकीच्याच रक्ताची काळजी करत बसलो होतो मी. आणि घरात उपाशी माणसाच्या तोंडावर कुलूप!

किल्ली काढली. एका हातावर पोर, दुसऱ्या हाताला कुलपाचं भोक सापडेना. शेवटी तिनंच माझ्या हातातून किल्ली घेऊन कुलूप उघडलं.