परसातला गांडुळांचा खड्डा

॥ श्री ॥

ज्येष्ठ व. १२, शुक्रवार. उंद्री.

आज आलं ते:
शेणखत, एक गाडी — ३ रु. (गाडीवाल्याने वरून चहा मागितला. दिला.)
निंबोळी पेंड, २ किलो — ६२ न.पै. किलोचा अजून अंदाज येत नाही. दुकानदार बोलतो शेरात, देतो किलोत.
बी: भेंडी, गवार, दोडका, चवळी — ४५ न.पै. अंबाडीचं घरचंच होतं.
गांडुळं, एक टोपली, ओल्या गोणपाटाखाली. चंद्राबाई माळणीने पैसे घेतले नाहीत. माझं जुनं हिरवं लुगडं दिलं.
एकूण ४ रु. ७ न.पै.

हे बुधवारी दुसरबीडला गेले, शाळा सुरू झाली. निघताना ओट्यावर भाऊजींना म्हणाले, "दादा, दसऱ्यापर्यंत थांबा. तोवर परसात काही पिकलं तर परस तिच्याकडे राहू द्या. नाही पिकलं तर खुशाल खोली बांधा." भाऊजींच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर. सुनेला खोली हवी.

मला कोणी विचारलं नाही. दाराआडून ऐकलं. तीन महिने आणि वर थोडे दिवस. बरं, म्हटलं. जप ११ माळा.

आषाढ शु. ४, गुरुवार.

खड्डा झाला. तीन हात लांब, दोन हात रुंद, गुडघाभर खोल. जमीन कसली, चुना नि विटांचे तुकडे. सासऱ्यांच्या वेळी मागची भिंत पडली ती तिथेच चोपली गेली. पहार मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या.

चंद्राबाई काठावर बसून सांगत होती. "खाली पाचोळा, त्याच्यावर शेन, मंग तुहं घरचं भाजीचं देठ-साल. ओल पाह्यजे, चिखल नोको. वरून गोनपाट. हे गरिबाचे बैल हायेत मास्तरीनबाई, खालून नांगर हाकतेत. वैरन नाही मांगत का पराणी नाही मांगत."

टोपली उपडी केली तेव्हा अंगावर काटा आला. मग सवय झाली. बाजूने एक चर काढून ठेवला, पाणी वाहून जायला.

आषाढ शु. ९, मंगळवार.

चूक. काल उरलेली कढी टाकावी कशाला म्हणून खड्ड्यात ओतली. सकाळी पाहते तो सगळी त्या बाजूपासून दूर पळालेली, काही वर येऊन पडलेली. चं.बाईंना बोलावलं.

"खारं आंबट काऊन घातलं व माय! त्यायले झोंबते. त्यायच्या अंगाले कातडं हाय का तुह्यासारखं?"

तो भाग काढून टाकला. वीस-पंचवीस मेली असतील. काटकसर अंगाशी आली. देवापुढे क्षमा मागितली. हसू नये, पण गांडुळांसाठी क्षमा मागणारी उंद्रीत मी पहिलीच असेन.

आषाढ व. २, गुरुवार.

जाऊबाई परसाच्या दारात उभ्या. कमरेवर हात.

"अवं सुमन, तुह्या किड्यायले जागा हाय, माह्या सुनेले नाही?"

मी म्हटलं, जाऊबाई, दसऱ्यापर्यंतच तर. त्या म्हणाल्या, "मी नाही बोलून राह्यली. गाव बोलून राह्यलं. मास्तरीन वाळवंटात बाग लावते म्हने." आणि हसल्या. आणि जाताना कोथिंबिरीची मुळं, कांद्याची टरफलं पदरातून खड्ड्याच्या काठावर टाकून गेल्या. असं त्यांचं.

भाऊजी संध्याकाळी तुळशीपाशी. लहान भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, म्हणून तुळशीला सांगतात, मी आतून ऐकायचं. आज तुळशीला म्हणाले, "एवढं उकरून राह्यले. पन मागं खानारं कोन हाय?"

  डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले, दिवा लावायचा राहिला.

जप ३ माळा. मोजणी चुकत होती.

आषाढ व. १०, गुरुवार.

आज हात घातला. वरचा थर ओळखू येत नाही! देठं नाहीत, पाचोळा नाही. चहाच्या पत्तीसारखं काळं, मोकळं, हाताला न चिकटणारं. वास घेतला. वासच नाही. चं.बाईंना दाखवलं तर तिने चिमूट उचलून कपाळाला लावली, अंगाऱ्यासारखी.

"आता आठ दिसानं वाफ्यात घाल. मंग पाय."

भेंडी वीतभर. दोडक्याने काडी धरली. चवळीला दोन-दोन पानं. परसाला प्रथमच रंग आहे. यांना कार्ड टाकलं, ५ न.पै. लिहिलं की पिकेल.

आठ दिवसांनी म्हणजे नागपंचमीच्या आधी खत काढून घ्यावं का? नको. नागपंचमी होऊ दे, मग सोमवारी शुभ.

श्रावण शु. ५, नागपंचमी, रविवार.

पहाटेपासून पाऊस. थांबतच नाही. भिंतीवर नाग काढला, लाह्या, दूध. तवा नाही, विळी नाही, दिंडं उकडली. जा.बाईंनीही दिंडं पाठवली.

अकराच्या सुमारास परसात पाहिलं. चर बुजलेला. वरच्या अंगाची माती येऊन बसली होती, खड्ड्यात पाणी चढत होतं. कुदळ हाताला लागली. दोन घाव घातले असते की चर मोकळा.

पण आज जमिनीला लोखंड लावायचं नाही. आईने कधी लावलं नाही, सासूबाईंनी नाही. आज माती खणली तर नागाच्या लेकरांना लागतं. आणि गांडुळं म्हणजे तरी काय, नागाचीच धाकटी लेकरं. त्याच्या दिवशी तो त्यांना सांभाळणार नाही का? कुदळ भिंतीला टेकवली. आत येऊन पोथी उघडली.

दोन अध्याय वाचले. पाऊस ऐकत होते, पोथी नाही.

संध्याकाळी गोणपाट तरंगत होतं.

जप २१ माळा.

शु. ६, सोमवार.

सगळी गेली.

पांढरी पडून वर आली होती. खड्डा हौदासारखा भरलेला, खालची चोपलेली जमीन थेंब पीत नाही. वाफ्यातही पाणी. सकाळी उजाडताच चर खणला. पाच मिनिटांचं काम. पाणी भडाभडा गेलं, सोबत ते काळं खतही गेलं, महिनाभराचं, नालीतून रस्त्यावर.

जा.बाई आल्या. पाहिलं. गोणपाट उचलून भिंतीवर वाळत घातलं. ते जास्त लागलं.

शु. ७, मंगळवार.

चंद्राबाई आली. काठावर बसली.

मी सांगितलं की नागपंचमी होती, कुदळ कशी लावणार.

"बराबर. मी असती तं मीबी नसती लावली. माह्याही केळीत पानी शिरलं, मी हात नाही लावला खुरप्याले."

मग माझ्याकडे न पाहता, "पन परात नव्हती का घरी?"

मला कळेना.

"उपसाचं होतं वं बाई परातीनं. परातीनं कुठं जमीन चिरते? मी केळीतलं तांब्यानं उपसलं, सांजलोक."

परात होती. पितळेची, मोठी, फळीवरच. घागर होती. बादली होती. पाणी उपसू नये असं कोणत्या पोथीत लिहिलंय? आणि मी पोथी वाचत बसले.

देवाने हात बांधले नव्हते. मीच बांधून घेतले, आणि तो सोडवील म्हणून वाट पाहिली.

ती म्हणाली, "पानी उतरू दे, भादव्यात आखीन देतो टोपलीभर." मी हो म्हटलं नाही.

शु. ११, शनिवार.

एकादशी. काही लिहावंसं नाही. भेंडी पिवळी. मुळं कुजली, ओढली की हातात येतात. जप नाही.

शु. १३, सोमवार.

आधी दोनदा पोटातलं गेलं. दोन्ही वेळा मी एकही नेम मोडला नव्हता. ग्रहण पाळलं, एकादशा पाळल्या. तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, देवाची इच्छा. मीही म्हटलं.

आता वाटतं तेव्हाही फळीवर एखादी परात होती का, जी मला दिसली नाही. दुसऱ्या वेळी चिखलीला दवाखान्यात न्यावं असं कोणीतरी म्हणालं होतं, आणि मला संकष्टी सोडायची होती.

हे लिहू नये. खोडतही नाही.

श्रावण व. ३०, पोळा, बुधवार.

हे आले. एक दिवसाची सुट्टी. बैल घरी नाहीत, मातीची जोडी पुजली.

परसात उभे राहिले, चप्पल चिखलात. दोडक्याचा वेल तेवढा आहे, चवळी पाच-सहा रोपं, अंबाडी. म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी पाहू."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी इथे भिंत असेल.

"दादाशी बोलतो मी."

रात्री दोघे भाऊ ओट्यावर बसले होते. पावसाचं बोलले, शाळेच्या छपराचं बोलले, कापसाचं बोलले. सकाळी साडेसहाच्या गाडीने हे गेले. पिशवीत चकल्या दिल्या. काय बोललात, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते त्यांना जमत नाही.

भाद्रपद शु. ८, महालक्ष्म्यांचं जेवण, शुक्रवार.

महालक्ष्म्या थोरल्या घरी असतात. आषाढात मी देवीसमोर बोलून बसले होते की सोळा भाज्यांतल्या निम्म्या तरी माझ्या परसातल्या असतील. आज नेली ती एक जुडी अंबाडी. दोडका एक होता तो किडका निघाला.

पानं वाढताना जा.बाईंनी माझी अंबाडी सगळ्यांत आधी वाढली. मग शेजारणीला ऐकू जाईल असं, "आमच्या सुमनच्या बागेतली बरं का. सोळातली एक. पंधरा आम्ही बाजारातून आनल्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं तर त्यांनी मान दिला की काढला, ते त्यांनाही माहीत नसेल.

जेवणानंतर भांडी घासताना हळूच म्हणाल्या, "सुमन, सून आली तं तिलेबी शिकव ते खताचं. पोरगी शेतकऱ्याची हाय."

मी विचारलं, कुठे शिकवू? जागा कुठली?

त्या राख घेऊन तांब्या घासत राहिल्या. तांब्या केव्हाच लखलखीत झाला होता.

भाद्रपद व. ६, गुरुवार.

चं.बाईने टोपली आणली. मी परत पाठवली. माझ्या हाती जीव टिकत नाही, असं सांगितलं. ती रागावली.

"येडी हायेस का तू? मालनीच्या हाती रोज शंभर रोपं मरतेत. मोजाले बसलो तं जगाव कवा?"

रागावली तरी टोपली घेऊन गेलीच. बरं केलं. ओट्यावर थोडी माती सांडली होती, ती झाडून दोडक्याच्या बुंध्याशी टाकली. तिच्यात काही होतं की नाही, पाहिलं नाही.

जप आजपासून पुन्हा. १ माळ. मागणं काही नाही. नुसतं नाव.

आश्विन शु. ३, सोमवार.

दुपारी दोन गाड्या विटा आल्या. परसात उतरवायला निघाले तर जा.बाई म्हणाल्या, "दसऱ्याच्या आधी नोको, शब्द हाय." गाडीवान कुरकुरला. भाऊजींनी रस्त्यावरच रचायला लावल्या. ते मानावं लागेल.

मग तुळशीपाशी आले. तुळशीला म्हणाले, "त्याची चिठ्ठी आली. बांधा म्हनते. दसऱ्याले पह्यली वीट ठेवतो." खिशावर हात होता. चिठ्ठी दिसली नाही. दाखवा म्हणायला मी त्यांच्याशी बोलत नाही, आणि तुळशी वाचत नाही.

जा.बाईंना विचारलं. "मले कुठं वाचता येते, बाई?" म्हणाल्या. खरं आहे.

मला चिठ्ठी नाही. दर आठवड्याला येणारं यांचं कार्डही चुकलं आहे.

परसात गेले. दोडक्याला उशिरा का होईना चार फुलं आहेत. ती पिकणं म्हणवतील का? कोण ठरवणार? शब्द ज्यांनी दिला त्यांनीच ठरवायचं.

पत्र लिहिलं. टपालपेटी चारला उघडते. आधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे काय लिहिलं ते माझ्याजवळ राहील.

"ती. स्व.,
सौ. सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सर्व ठीक. विटा आल्या. भाऊजी म्हणतात की तुम्ही चिठ्ठीने होकार दिला. मी चिठ्ठी पाहिलेली नाही. तुम्ही लिहिली असेल तर तसं मलाही लिहा, मी दसऱ्याला माझ्या हाताने वेल काढीन, कोणाला काढू देणार नाही. लिहिली नसेल तर तेही लिहा, आणि दादांना लिहा, कारण मला त्यांच्याशी बोलता येत नाही. नागपंचमीला मी देव काही करील म्हणून बसून राहिले. या वेळी बसणार नाही, म्हणून विचारते. परसात दोडक्याची चार फुलं आहेत, ती धरून काय ते ठरवा. पुढच्या वर्षी पाहू असं लिहू नका. सोमवारी दसरा. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचावं. एका ओळीचं कार्ड पुरे, हो किंवा नाही, पण तुमच्या अक्षरात. उलट टपाली कळवा."