बर्गोन्झिनीची शेपूट आणि आपल्या घरची अब्रू

मोदेना, १२ मार्च १९९४

ति. इल्देताईस,

एर्मेसचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या सगळ्यांनाच वाकून असतो). तुझं पित्त कसं आहे? फाउस्तोभावोजींचा गुडघा? इकडे सर्व खुशाल, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. ताई, खुशाल कोणी नाही. गेल्या मंगळवारी मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. पुढचं बसून वाच. भावोजींनाही बसव.

ती तांबडी बर्गोन्झिनी तुला आठवत असेल, शर्यतीची. बावन्न साली बाबांनी आपल्या अंगणात तिचा पत्रा ठोकला तेव्हा ती चांगलीच उघडीवाघडी होती, चारी चाकं बाहेर, मागचा भाग बुटका नि गोल (तू तिला चड्डी न घातलेलं पोर म्हणायचीस). पंचावन्न साली ती घाटात उलटली. छप्पन्नमध्ये, तुझ्या लग्नाला तीन आठवडे असताना, बाबांनी आणि मी तिला नवं अंग दिलं: चाकं झाकलेली, नाक लांब, शेपूट त्याहून लांब. त्या अंगाने ती तीन शर्यती जिंकली, मग विकली गेली, पुढे वीस वर्षं कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडली, आणि आता सरहद्दीपलीकडच्या लुगानोच्या एका दातांच्या डॉक्टरांनी घेतली. डॉक्टर क्वाद्री. माणूस सभ्य, बूट चकचकीत, बोलताना समोरच्याच्या दाढांकडे बघतो.

त्यांनी ती आपल्याच कारखान्यात आणली (कारखाना हल्ली माझा लोरिस बघतो; मी फक्त चुका दाखवतो). मला वाटलं, पोचे काढायचे असतील. तर डॉक्टर म्हणाले, हिला पुन्हा बावन्नच्या रूपात न्यायची. म्हणजे छप्पन्नचं सगळं कापून फेकायचं! आणि दोन्ही रूपं बघितलेला पत्रेवाला मीच एकटा उरलो, तेव्हा कात्री माझ्याच हातात! मी मटकन बाकावर बसलो. लोरिस पाणी घेऊन धावला (लाम्ब्रुस्को वाइनची बाटली हाताशी असताना पाणी. पोराची काळजी वाटते).

मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला तुमचे दुधाचे दात परत बसवून देऊ का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "झानासीसाहेब, तुमच्या वडिलांनी आधी मनात धरलं ते हे. अपघातानंतर केली ती नुसती डागडुजी." डागडुजी! ताई, त्या शेपटीसाठी बाबा अकरा दिवस घरी धड जेवले नव्हते. मी म्हटलं, ही गाडी पहिल्या अंगाने चार वर्षं जगली, दुसऱ्याने अडतीस. मग खरी कुठली? त्यावर ते शांतपणे म्हणाले की दुसरं रूप निदान तुम्ही बघताय, पहिलं आता जगात कुणालाच बघता येत नाही, वडिलांचं पहिलं काम लोकांना दिसू नये असं तुम्हाला वाटतं का? हे मला पटलं, आणि दुसऱ्याचं पटलं की मी चिडतो. लोरिस डॉक्टरांच्या बाजूचा. तीन दिवस आम्ही बापलेक एका ताटलीतले तोर्तेल्लिनी अबोल्याने खाल्ले.

शेवटी मंगळवारी शेपूट उतरवली. कापण्याआधी आतून जोड बघावेत म्हणून मी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं, आणि ताई, माझ्या नाकासमोर पत्र्यावर कोरलेलं: द्राक्षाची वेल, आणि मधे 'इ. झा.' तुझ्या रुखवतातलं अ‍ॅल्युमिनियमचं घंगाळ! भावोजींनी स्वतः कोरलेलं! लग्नाआधी चोरीला गेलेलं! ठोकून सपाट केलेलं, पण वेल जशीच्या तशी. मी डोकं वर केलं ते पत्र्यावर आपटलं, अजून टेंगूळ आहे. म्हणजे आपल्या देवमाणूस बाबांनी पत्रा कमी पडला म्हणून पोटच्या मुलीचं घंगाळ शर्यतीच्या गाडीला लावलं! आणि आपण सबंध आळीत आळ कुणावर घेतला, तर समोरच्या आर्जियावर. तू बोहल्यावरून उतरून तिला चोरटी म्हणालीस, आणि दुसऱ्या आठवड्यात परदेशी जायला बोटीत बसलीस. तिने मात्र ते नाव घेऊन याच आळीत जन्म काढला.

माझी आरोळी ऐकून आर्जिया पिठाच्या हातांनी धावत आली. तिने आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाहेर आली आणि थेट कापायच्या खुणेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे कापायचं नाही," ती म्हणाली, डॉक्टरांना, पण बघत होती माझ्याकडे. "अडतीस वर्षं मी चोर आहे. मी चोर नाही हे जगात एवढ्या एकाच जागी लिहिलंय."

"पण बाई, गाडी मी विकत घेतलीय."

"गाडी तुमची, डॉक्टरसाहेब. घंगाळ इल्देचं."

ताई, डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या गावात चोरीच्या वस्तूला म्हणे कोणी हात लावत नाही. आपण चोरीचा माल घेऊन सरहद्द ओलांडणार होतो, या विचाराने त्यांनी लाम्ब्रुस्को मागितला, आणि दोन पेले झाल्यावर पहिल्यांदाच त्या शेपटीवरून हात फिरवला. म्हणाले, काम सुंदर आहे. मी म्हटलं, डागडुजी आहे. आता मालकिणीचं, म्हणजे तुझं, लेखी येईपर्यंत ते कात्री लावू देणार नाहीत. घंगाळ आहे तिथेच राहू दे, एवढी एक ओळ सहीनिशी पाठव. त्यांचं पहिलं रूप मी त्यांना वेगळ्या पत्र्यात ठोकून देईन, ही कंबर धरलेली असली तरी; हवं तेव्हा गाडीवर घालावं, काढावं. बाबांची दोन्ही कामं राहतील.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
एर्मेस

ता.क. सहीच्या ओळीबरोबर आर्जियालाही दोन शब्द माफीचे लिही. घाई एवढ्यासाठी, की तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, माझी लिदिया जाऊन नऊ, आणि मी तिला विचारलं आहे. ती म्हणते, इल्देचं पत्र येऊ दे, मग बघू.

ता.क. २. बाबांना दोष देऊ नकोस. त्यांनी मला पत्रा आणायला कार्पीला पाठवलं होतं आणि मी आर्जियाबरोबर नाचायला गेलो. दुकान बंद झालं. घंगाळ मीच उचललं. मीच ठोकून सपाट केलं, कोरलेली बाजू आत ठेवून बसवलं, आणि बाबांना सांगितलं, पत्रा भंगारात मिळाला. हे आर्जियाला कळलं तर संपलंच सगळं. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता तीच घालणार आहे, पण ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली नाही.

इल्दे, मी वाचते. मी त्याला त्या संध्याकाळी अंगणातून घंगाळ नेताना खिडकीतून पाहिलं होतं. म्हटलं, आज ना उद्या स्वतःच्या तोंडाने सांगेल. तुझी माफी पोचली असं समज. सही लगेच पाठव, मला लिहायचं पत्र मात्र सावकाश लिही. थांबू दे जरा त्याला. — आर्जिया