उन्मेषचा स्पेक्ट्रम

४ जून, बुधवार
आईला जाऊन आज चाळीस दिवस. आणि उन्मेषचा फोन — "ताई, आईचं मला काही नको. फक्त माझा स्पेक्ट्रम तेवढा कुरियर कर."

माझा! तीन वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. चेन्नईत, वेलचेरीच्या या दोन खोल्यांत तिचं सगळं मी केलं, बँक सांभाळून. हा पुण्याहून दोनदा आला. पुढे काहीतरी सांगत होता. मी फोन ठेवला.

५ जून
माळ्यावरून खोका काढला. आईने त्यात ब्लाउजपीस भरून ठेवले होते, खाली तो स्पेक्ट्रम कॉम्प्युटर. काळा, पाटीएवढा, रबराची बटणं. शहाऐंशी साली वडिलांनी, अण्णांनी, त्यांच्या आवडी गावच्या फॅक्टरीतल्या, परदेशाहून आलेल्या एका साहेबाकडून घेतला. टीव्हीला जोडायचा. मी चौदाची, उन्मेष बाराचा. मला हात लावायची बंदी — "मुलींच्या हातात बिघडेल," आई म्हणायची.

म्हणून मी त्याचं पुस्तक वाचून वहीत प्रोग्राम लिहायचे. कुठून कुठे जायचं ते टाकलं की गाडीची वेळ सांगणारा प्रोग्राम — महिनाभर खपले त्याच्यावर. उन्मेषने तो टाइप केला आणि शाळेच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावावर मांडला. पहिलं बक्षीस. अण्णांनी क्वार्टर्सभर पेढे वाटले. मग तो इंजिनीअरिंगला, मी बी. कॉम.ला. आजवर कुणाजवळ बोलले नाही.

त्याला तो मिळणार नाही. एवढं ठरलं.

९ जून
बँकेतल्या सीतालक्ष्मीचे मामा, शेषाद्री, जुने कॉम्प्युटर जमवतात. संध्याकाळी अड्यारला त्यांच्याकडे गेले. तंजावरचं मराठी घर. बोलणं जुन्या वळणाचं, हेल तमिळ. मशीन उघडून त्यांनी भिंगातून आतला बोर्ड बघितला. बटणांखालची पट्टी वाळून मोडली होती. ती बदलता येते म्हणाले, नवी मिळते. मग खोका, पुस्तक, वायर सगळं मूळचंच आहे का, ते तीनतीनदा विचारलं. शेवटी टीव्हीला लावला. पडदा पांढरा झाला, खाली बारीक अक्षरांची ओळ आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी इतक्या जवळ बसले होते.

"चालू आहे, खोक्यासकट आहे. जमवणारे अठ्ठावीस हजार देतील. बंद असता तर सात-आठ." मग चष्मा काढून म्हणाले, "पण अक्का, घरांत कुणी मागत नाही हें?"

"नाही," मी म्हणाले. किती सहज बोलून गेले. मशीन विकायला त्यांच्याकडेच ठेवून आले.

१२ जून
उन्मेषला फोन केला. "भंगारवाल्याला देऊन टाकला. किलोवर."

तो म्हणाला, "कधी?"

"झाले चार दिवस."

"बरं," म्हणाला. आवाज पार बसला होता. मी मुद्दाम फोन ठेवला नाही, ऐकत राहिले. मग कॉफी केली. दोन कप प्यायले.

१३ जून
गाढ झोप लागली. कितीतरी महिन्यांनी.

१७ जून
शेषाद्रींनी मशीन त्यांच्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. लगेच गिऱ्हाईक आलं. घासाघीस केली नाही म्हणे. आज पार्सल गेलं, पैसे खात्यात आले. कुणी घेतलं, ते मी विचारलं नाही. कुणीही असो, उन्मेष नाही.

खरी किंमत त्याला सांगणार आहे, पण आत्ता नाही. आत्ता त्याने किलोवरच समजून बसावं. दिवाळीला सांगेन.

१८ जून
अनयचा फोन. उन्मेषचा मुलगा, गेल्याच महिन्यात नोकरीला लागलाय.

"आत्या, बाबांना बोलू नकोस हं. त्यांचा भंगारात गेला ना, म्हणून पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी तसाच स्पेक्ट्रम घेतला. तुमच्या चेन्नईतच मिळाला, अड्यारच्या एका काकांकडे. खोक्यासकट! परवा पोचेल. पुढच्या महिन्यात बाबांच्या कंपनीत त्यांचं भाषण आहे ना. मशीन टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर सांगायचंय म्हणाले, पहिला प्रोग्राम माझ्या ताईने लिहिला, बक्षीस मी लाटलं. तुला बोलावणार होते. त्या दिवशी फोनवर सांगायला गेले, तर लाइन कट झाली म्हणे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत्या, ऐकतेयस ना? येशील ना तू?"