विजारीतली माया

अहो,

करडी विजार सैल करायला दिली होतीत, ती खुर्चीवर ठेवली आहे. सैल केलेली नाही. दर खेपेला तुम्ही म्हणता, "आत माया आहे ना, सोड की जरा," आणि मीही मुकाट्याने शिवण उसवून देत आले. काल बघते तर शिवणीत दुमडलेली माया जेमतेम बोटभर उरली होती. तीही कापून टाकली. आता आदळआपट केलीत तरी विजार वाढायची नाही, तुम्हालाच तिच्यात मावावं लागेल.

दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही त्या खुर्चीला चिकटलात ते चिकटलात. "पन्नाशी उलटली, आता काय राहिलंय," हे ऐकून माझे कान किटले. पन्नाशी माझीही उलटली आहे आणि गुडघे माझेही कुरकुरतात. शिलाई मशीन कुरकुरलं तर मी तेल घालते, भंगारात देत नाही.

तुम्ही आंघोळीला गेलात की अजून मी मशीन थांबवून कान देऊन बसते, पडल्याचा आवाज तर येत नाही ना म्हणून. ते आता पुरे झालं.

मी मैदानावर चालायला जाते आहे. तुमचे बूट दाराशी काढून ठेवलेत, नाड्या नव्या घातल्यात. गोळी घेऊन निघा. चहा मुद्दामच केलेला नाही, परत आल्यावर मिळून घेऊ. लेकीला फोन करून माझी तक्रार करू नका, काल आली होती तेव्हा कात्री तिनेच माझ्या हातात दिली.

मैदानाच्या फाटकाशी उभी राहते. हळू या, पण या.

माया फक्त विजारीतली संपली आहे.